भावोजींची विश्वस्तगिरी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान चाळीस वर्षं स्वतःच्या औषधाच्या दुकानात उभे राहिले आणि त्या चाळीस वर्षांत त्यांनी चिठ्ठी वाचल्याशिवाय एकही गोळी कोणाच्या हातावर ठेवली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्यांच्याबद्दल चांगलं असं फारसं येणार नाही. डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर भावोजी सरळ दवाखान्यात फोन लावत. मुदत संपायला पंधरा दिवस राहिलेली बाटली फळीवरून काढून वेगळ्या खोक्यात टाकत. मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयाची मुख्य परिचारिका. एकदा पाठ धरली म्हणून त्यांच्याकडे जरा जोराची गोळी मागितली, तर मलाही म्हणाले, चिठ्ठी आण. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. राग यायला समोरच्यात काहीतरी असावं लागतं.

आमच्या रुग्णालयासमोर, रस्ता ओलांडला की एक दुमजली इमारत आहे. तिला सगळे नुसतं 'निवास' म्हणतात. एका शाळामास्तरीणबाईंचं ते राहतं घर. तरुणपणी त्यांचा नवरा आमच्याकडे दाखल होता तेव्हा त्या अकरा दिवस वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून झोपल्या होत्या. नवरा वाचला नाही. मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी त्यांनी घराचा ट्रस्ट केला आणि कागदावर स्वच्छ लिहून ठेवलं, की ही संपूर्ण इमारत बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना राहण्यासाठी आहे, दुसऱ्या कशासाठीही नाही. विश्वस्त पाच असावेत, आणि त्यातला एक तरी असा असावा की ज्याने स्वतः तिथे मुक्काम केला आहे. बाई शहाणी होती. पाचांपैकी चौघं कशी निघतील याचा तिला अंदाज असावा.

भावोजींनी साठीला दुकान विकलं. पहिल्या सहा महिन्यांतच त्यांची अवस्था अशी झाली की सकाळी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून ते गॅलरीत उभे राहत आणि खालून जाणाऱ्याने वर बघितलं की मान हलवत. अशा वेळी निवासाचे अध्यक्ष घरी आले. अध्यक्ष म्हणजे बांधकामाचे मोठे ठेकेदार. त्यांना एक विश्वस्त हवा होता: समाजात प्रतिष्ठा असलेला, स्वच्छ हाताचा. हे त्यांचे शब्द, ताईने मला सांगितलेले. भावोजींनी दोनच गोष्टी विचारल्या. बैठका किती वेळा, आणि इमारतीवरच्या पाटीत नाव येणार का. बैठका तीन महिन्यांतून एकदा आणि नाव येणार, हे कळल्यावर ते लगेच हो म्हणाले.

अध्यक्षांनी ट्रस्टच्या कागदाची प्रत आणि धर्मादाय खात्याची एक लहान पुस्तिका दिली होती. विश्वस्ताने काय करायचं, काय करायचं नाही, कशाची परवानगी घ्यायची, स्वतःचा किंवा नात्यातल्या माणसाचा संबंध असेल तिथे बाजूला कसं व्हायचं, असं सगळं त्यात सोप्या भाषेत होतं. बत्तीस पानं. मला ठाऊक आहे, कारण मी ती नंतर वाचली, टॉवेलांच्या कप्प्यातून बाहेर काढून. तिची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. घराच्या दारावर मात्र आठ दिवसांत नवी पाटी लागली. नावाखाली 'विश्वस्त'. कार्डंही छापून झाली. बँकेत रांगेत उभे असताना भावोजी पुढच्या माणसाला आपणहून सांगत, "मी जरा घाईत आहे, ट्रस्टचं काम असतं." ट्रस्टचं काम म्हणजे तीन महिन्यांतून एकदा ठेकेदारांच्या कचेरीत जाऊन गार हवेत बसायचं, काजूची बिस्किटं खायची आणि शेवटी फिरत आलेल्या वहीत खूण केलेल्या जागी सही करायची.

पाच विश्वस्तांत एक शिवणबाई होती. खरोखरच शिवणकाम करणारी. बाजारात जिन्याखाली तिचं दुकान होतं. मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी ती निवासात सहा आठवडे राहिली होती आणि त्या अटीमुळेच ती विश्वस्त झाली होती. बाकीचे चौघे तिला जेमतेम सहन करत. ती आली की आधी चष्मा पुसायची आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायची, ओठ हलवत. भावोजी घरी येऊन तिची नक्कल करायचे. म्हणायचे, बाई कापड मोजल्यासारखी ओळ न् ओळ मोजते, हिला कोणी सांगावं की हा ट्रस्ट आहे, झंपर नव्हे. पाहुणे हसायचे. मीही एकदा हसले आहे.

भावोजींच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी अध्यक्षांनी एक ठराव आणला. निवासाचा तळमजला एका तपासणी प्रयोगशाळेला द्यायचा. रक्त, लघवी, सगळ्या तपासण्या समोरासमोर होतील, रुग्णांची केवढी सोय होईल, असं त्यांनी सांगितलं. प्रयोगशाळा कोणाची, तर अध्यक्षांच्या जावयाची. शिवणबाईने विचारलं, की कागदात तर संपूर्ण इमारत नातेवाइकांसाठी आहे असं लिहिलंय, मग तळमजला कसा देता येईल? धर्मादाय खात्याची परवानगी घेतली का? नव्या नकाशात मागचा जिना दिसत नाही, तो कुठे गेला? आणि शेवटी ती म्हणाली, की जावई अध्यक्षांचे आहेत, तेव्हा या विषयापुरतं अध्यक्षांनी खोलीबाहेर बसावं, पुस्तिकेत तसं लिहिलंय. अध्यक्ष मोठ्याने हसले. ही सगळी हकिगत मला भावोजींनीच त्या दिवशी रंगवून सांगितली, कारण त्यात आपण काय बोललो ते त्यांना सांगायचं होतं. ते म्हणाले होते, "बाई, आपल्याच माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा?" आणि तिघांनी माना डोलावल्या होत्या.

ठराव चार विरुद्ध एक असा मंजूर झाला. शिवणबाई मात्र हटून बसली, की माझा विरोध कारणांसकट वहीत लिहा, तोवर मी उठणार नाही. त्यात पाऊण तास गेला. भावोजींना जेवायला उशीर झाला आणि तिच्यावर त्यांनी सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं ते त्याबद्दल. त्या दुपारी मी ताईकडेच होते. मी विचारलं, "पण भावोजी, मागचा जिना खरंच काढणार का?"

"ते ठेकेदार बघतील," ते म्हणाले. "त्यांचं ते क्षेत्र आहे."

मी पुढे काही बोलले नाही. ताट समोर होतं, मी जेवले. ते मी लपवत नाही. पण माझी सही त्या वहीत नव्हती.

जिना काढला नाही, तो गिळला. खालच्या पायऱ्यांभोवती भिंत घालून जावयाने तिथे नमुने ठेवायची खोली केली, तीन मोठे फ्रीज लावले. वरच्या मजल्यावरचं जिन्याचं दार जाड फळ्या ठोकून बंद केलं आणि वरून भिंतीचाच रंग फासला. नवीन येणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नसे. पुढची दीड वर्षं सगळं सुरळीत चाललं. म्हणजे भावोजींची बिस्किटं चालू राहिली.

मग एका सकाळी दहाच्या सुमाराला त्या फ्रीजच्या खोलीत तारा जळाल्या. ज्वाळा फारशा नव्हत्या, धूर भयंकर होता, आणि तो पुढच्या एकमेव जिन्याने धुराड्यातून चढावा तसा वर चढला. वर बावीस माणसं होती. बहुतेक बायका. त्यांच्यात एक सुतार होता, साठीच्या आतला. बायकोचं पोटाचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं आणि तो तिच्यासाठी चहाचा थर्मास भरून निघण्याच्या बेतात होता. दार कुठे असणार हे त्याला भिंत ठोकून कळलं. खांद्याने धडका मारून पाहिल्या. मग त्याने खिडकीची जाळी उचकटली, चादरी बांधल्या आणि तीन बायकांना खाली सोडलं. चौथ्या वेळी गाठ सुटली, पण सुदैवाने तेव्हा तिला कोणी लटकलेलं नव्हतं. तोवर त्याला धुरात उभं राहवेना. त्याने उडी मारली. दोन्ही टाचांचा चुरा झाला आणि मणका दबला. बाकीच्यांना अग्निशमनवाल्यांनी शिडीवरून उतरवलं. कोणी मेलं नाही. समोरच्या रुग्णालयात बायको दुसऱ्या मजल्यावर पडून चहाची वाट पाहत होती आणि नवऱ्याला तळमजल्यावर स्ट्रेचरवरून आत आणत होते. तिला दुपारपर्यंत कोणी सांगितलं नाही.

मी निवृत्त झाले होते, पण आमच्या वॉर्डातल्या पोरींचे फोन मला अजून येतात. मी ताईकडे जाऊन भावोजींना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "माझं नाव कुठे येणार नाही ना?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली.

चौथ्या दिवशी मी त्यांना त्या सुताराला भेटायला नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः दंडाला धरून रिक्षात घातलं. वाटेत ते तीनदा म्हणाले, की वकिलाला विचारल्याशिवाय जाणं बरं नव्हे. वॉर्डात सुतार दोन्ही पाय उंच टांगून पडला होता, पायांवर गुडघ्यापर्यंत प्लास्टर. भावोजींनी खिशातून कार्ड काढलं. ते कार्ड त्यांनी त्या माणसाच्या हातात दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, एरवी माझाही विश्वास बसला नसता.

सुताराने ते नीट वाचलं. वाचायला त्याला वेळ लागला.

"म्हणजे ती जागा तुमची?" त्याने विचारलं.

"माझी नाही, ट्रस्टची," भावोजी म्हणाले. "मी विश्वस्त आहे."

"मग ते दार तुम्ही बंद केलंत?"

"तसा ठराव झाला होता."

सुताराने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, त्याला कळत नव्हतं एवढंच. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "फळ्या चांगल्या ठोकल्या होत्या हो. आडव्या पट्ट्या घालून. हातात पहार असती तर पाच मिनिटांचं काम होतं." आणि त्याने ते कार्ड पलंगाशेजारच्या स्टुलावर, औषधाच्या पेल्याखाली ठेवलं, उडू नये म्हणून.

परत येताना भावोजींनी मला विचारलं, की तो तक्रार करील असं वाटतं का.

तक्रार त्याने केलीच नाही. ती शिवणबाईने केली, आगीच्या दुसऱ्याच दिवशी, वहीतल्या त्या पानाच्या प्रतीसह. धर्मादाय खात्याने चौकशी लावली. चौकशी अधिकारी एक चाळिशीची बाई होती, सर्दीने नाक लाल झालेलं, टेबलावर रुमालांची चळत. भावोजींचा रक्तदाब वाढलेला होता म्हणून सोबत कोणीतरी हवं होतं. ताई म्हणाली, मी येणार नाही. तेव्हा मी गेले आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकलं.

तिने विचारलं, ट्रस्टचा मूळ कागद वाचला आहे का. भावोजी म्हणाले, साधारण कल्पना आहे. तिने विचारलं, साडेआठ वर्षांत निवासात किती वेळा गेलात. त्यांनी आठवून सांगितलं, दोनदा, त्यातलं एकदा फोटोसाठी. प्रयोगशाळा आल्यानंतर? नाही. मागच्या जिन्याचं दार कोणत्या बाजूला होतं? ते छताकडे पाहू लागले.

मग त्यांनी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. आपण मानद काम करतो, एक पैसा घेत नाही, उतारवयात समाजासाठी वेळ देतो. तिने ते मध्ये न तोडता ऐकलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "मानद म्हणजे पगार नाही, एवढंच. जबाबदारी पाचही जणांची सारखी असते. अध्यक्षांची जास्त आणि तुमची कमी, असं कायद्यात नाही."

"मी अध्यक्षांवर विश्वास ठेवला," भावोजी म्हणाले.

"तो ठेवायला त्या मास्तरीणबाईंना तुमची गरज नव्हती," ती म्हणाली. मग कागद उलटत तिने सहज विचारलं, "तुमचं औषधाचं दुकान होतं ना? कधी चिठ्ठी न वाचता औषध दिलंत?"

भावोजी खुर्चीत ताठ झाले. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. "चाळीस वर्षांत एकदाही नाही. विचारा कोणालाही." आणि ते माझ्याकडे पाहू लागले, मी दुजोरा द्यावा म्हणून. अधिकारीबाईने ते उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. आपण काय बोलून बसलो हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि मला वाटतं आजही कळलेलं नाही.

मग माझ्याकडे वळून तिने मला विचारलं, की ठरावाच्या दिवशी यांनी घरी काही सांगितलं होतं का. मी जे झालं ते सांगितलं: शिवणबाईने विचारलेले प्रश्न भावोजींनी मला एकूण एक सांगितले होते, हसत हसत. म्हणजे त्यांना ते ठाऊक होते. भावोजींनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. नातेवाइकांत ते सांगत फिरले, की मेहुणीने दगा दिला. फिरेनात बापडे.

अध्यक्षांनी काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. त्यांनी आपल्या जबाबात लिहून दिलं, की प्रयोगशाळेची कल्पना सर्वांनाच पसंत होती, विशेषतः औषधाच्या धंद्यातले जाणकार विश्वस्त मंडळात असल्यामुळे आपण त्यांच्या मतावर विसंबलो. जाणकार म्हणजे आमचे भावोजी. वकिलाने ती ओळ त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आलं असेल. त्या सुतारासाठी मात्र मी ते कधी पाहिलं नाही.

आठ महिन्यांनी आदेश आला. एकोणीस पानांचा. चौघा विश्वस्तांना काढून टाकलं, पुढे कोणत्याही संस्थेत विश्वस्त होता येणार नाही असं ठरलं. प्रयोगशाळेने जागा सोडायची, जिना पूर्ववत करायचा आणि सुताराच्या उपचाराचा खर्च द्यायचा, हा सगळा भार चौघांनी स्वतःच्या खिशातून उचलायचा. ट्रस्टच्या पैशाला हात लावायचा नाही. अध्यक्षांवर वेगळा खटला भरायची शिफारस झाली. शिवणबाईबद्दल एक परिच्छेद होता. तिने माहिती मागितली, विरोध नोंदवला, बैठकीनंतर अध्यक्षांना दोन पत्रं लिहिली, त्यांना उत्तर मिळालं नाही; तिचा दोष नाही. त्या पत्रांच्या प्रती आगीच्या वर्षभर आधीच बाकीच्या तिघांनाही पोस्टाने आल्या होत्या, असंही त्यात होतं. भावोजींचं यावर म्हणणं काय, तर त्या बाईने इतकं आधीपासून लिहून ठेवलं होतं म्हणजे तिला आतलं काहीतरी ठाऊक असणार.

आदेश हाती आल्या आल्या त्यांनी अपिलाची भाषा सुरू केली. तो त्यांनी वाचला होता का? स्वतःचं नाव होतं ते पहिलं पान आणि शिक्षा होती ते शेवटचं पान, एवढं वाचलं होतं. मधली सतरा पानं ताईने वाचली. दोन दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून, ओळीखाली फूटपट्टी धरून. अडलेले शब्द मला फोन करून विचारले. दुसऱ्या दिवशी वाचून झाल्यावर ती एकटीच उठून निवासात गेली, वरच्या मजल्यावर जाऊन त्या दाराची जागा पाहून आली. मग रुग्णालयाच्या व्यायाम विभागात जाऊन सुतारालाही भेटली. तो तेव्हा काठी घेऊन वीस पावलं चालत होता. उभ्याने करायची कामं आता त्याच्याच्याने होणार नव्हती. बसून पाट, चौरंग, खेळणी अशी कामं करीन म्हणत होता. बायको बरी होऊन केव्हाच उभी राहिली होती, तीच त्याला धरून चालवत होती. ताईने त्याची माफी मागितली का, मी विचारलं नाही.

महिन्याभराने ताईच्या नणंदेकडची मंडळी आली, सहाजण. मलाही बोलावलं होतं. भावोजी माझ्याकडे पाठ करून बसले होते. कोणीतरी विचारलं, हल्ली ट्रस्टचं काय चाललंय. भावोजी पाय पसरत म्हणाले, की राजीनामा देऊन टाकला, त्या गटबाजीत आपल्यासारख्याचं काम नाही, तरुणांनी बघावं आता. मंडळींनी हळहळ केली. तुमच्यासारखी माणसं बाहेर पडली तर संस्था चालणार कशा, असंही एकजण म्हणाला.

ताई चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो टेबलावर ठेवला, कप ज्याचा त्याच्या पुढे सरकवला आणि सरळ उभी राहून म्हणाली, "राजीनामा नाही दिला यांनी. काढून टाकलं. एकोणीस पानं आहेत, मी वाचली आहेत. कोणाला बघायची असतील तर आतून आणते."

भावोजी म्हणाले, "अगं, ते तसं तांत्रिक..."

"एक माणूस आयुष्यभराचा लंगडा झाला," ताई म्हणाली. "साखर कमी असेल तर सांगा."

कोणी साखर मागितली नाही, कागदही मागितले नाहीत. मंडळी लवकर उठली. भावोजी त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. तोवर ताईने आणि मी मिळून कप विसळले.